शेऱ्याचा रकाना

३ मार्च, मंगळवार

आक्कांच्या डाव्या डोळ्यापुढे रविवारी सकाळी अंधार आला, आणि ही बातमी आमच्या घरी पोचली आज. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर यायला दोन दिवस! मध्ये सतरा पायऱ्या आहेत.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. वय अडुसष्ट. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि माझं लग्न झाल्यापासून, म्हणजे गेली सव्वीस वर्षं, मला शिकवतायत. मी हॉस्पिटलात सीटी स्कॅन वाचणारी डॉक्टर आहे हे त्यांना मान्य आहे. पण फक्त हॉस्पिटलात.

"दुकानाचं शटर ओढावं तसं वरून खाली काळं आलं," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटांनी गेलं. त्यात काय सांगायचं? तुम्ही डॉक्टर लोक लगेच उचलून मशिनीत घालता."

मी उचलून मशिनीत घातलं. एका डोळ्यापुढे असं शटर पडलं तर डोळा बहुधा निर्दोष असतो. गुन्हेगार मानेत असतो. मेंदूकडे जाणारी धमनी मानेत अरुंद झालेली असते, तिथला एखादा कण सुटून वर जातो. आज डोळ्यात गेला, उद्या मेंदूत जाईल. हे मला विद्यार्थिदशेपासून पाठ आहे, आणि ज्या बाईच्या डोक्यावर मी राहते तिला ते दोन दिवस सांगावंसं वाटलं नाही. एवढा राग आला की गाडीत मी एक शब्द बोलले नाही. आक्का म्हणाल्या, "रस्ता बघून चालव. तोंड फुगवून चालवता येत नाही."

दंडात सुई, सुईतून धमन्या दाखवणारा डाय, डाय मानेत पोचला की मशीन फिरतं. त्या वेळी अंगभर ऊब पसरते आणि गिळायचं नसतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "गिळू नका म्हटल्याबरोबर गिळावंसंच वाटतं. मी वर्गात 'हसू नका' म्हणायचे तेव्हा पोरांचं काय होत असेल ते आज कळलं."

घरच्या माणसाचा स्कॅन आपण वाचायचा नाही, असा आमच्या विभागाचा नियम आहे. मी तो पाळला. कॉरिडॉरमधल्या बाकावर इतर नातेवाइकांसारखी बसले. स्कॅन वाचला दशांशने. हा माझा एकेकाळचा विद्यार्थी, आता सहकारी. त्याला वेळ विचारली तर "सव्वादहा" न म्हणता "दहा पूर्णांक पंचवीस" म्हणेल अशी माझी खात्री आहे, म्हणून हे नाव मीच ठेवलंय.

रिपोर्ट आला: डावी धमनी, पंचावन्न टक्के अरुंद.

आमच्याकडे सत्तरच्या वर ऑपरेशन, खाली गोळ्या. सुटलो. अकरा वर्षांपूर्वी रिपोर्टचा हा तक्ता मी केला, त्याचं आज पहिल्यांदा घरच्यासारखं कौतुक वाटलं. डावीकडे आकडा, उजवीकडे आकडा, संपलं. त्याआधी आमची मंडळी "बऱ्यापैकी सौम्य", "किंचित लक्षणीय" असं ललित लिहीत आणि सर्जन बिचारा डोकं खाजवत बसे. डॉक्टरकीच्या आधी मी संस्कृत शिकले आहे. विशेषण कुठे शोभतं आणि कुठे नाही एवढं तरी मला कळतं.


४ मार्च, बुधवार

सर्जनने रिपोर्ट पाहिला. चित्रं पाहिली नाहीत. "पंचावन्न. मी हात लावत नाही. गोळ्या चालू करा."

आक्का घरी येताना म्हणाल्या, "पंचावन्न म्हणजे सेकंड क्लास. आयुष्यात पहिल्यांदा सेकंड क्लास मिळाला आणि सगळे खूश!"


८ मार्च, रविवार

सकाळी साडेनऊला पुन्हा झालं. या वेळी डोळा नाही.

आक्का खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होत्या. मी चहाचा कप घेऊन खाली गेले होते. त्यांच्या हातातलं पेन गळून पडलं. त्या ते उचलायला गेल्या, पण उजवा हात मांडीवरून हललाच नाही. माझ्याकडे बघून त्या काहीतरी म्हणाल्या. शब्द होते, पण एकाचाही अर्थ लागत नव्हता. कुठल्यातरी अनोळखी भाषेतली सूचना असावी तशा गंभीरपणे त्या ते पुन्हा म्हणाल्या, आणि मला कळलेलं नाही हे त्यांना कळलं. तेव्हाचा त्यांचा चेहरा मी सव्वीस वर्षांत पाहिलेला नाही. आक्का घाबरल्या होत्या.

चार मिनिटं. मी घड्याळ बघत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. नवरा फोनवर ॲम्ब्युलन्सवाल्याला ओरडत होता. मग हात हलला, आणि पहिलं स्पष्ट वाक्य आलं: "चहा सांडू नकोस."

आता त्या वॉर्डात आहेत. गोळ्या चालू असताना, बरोबर आठवड्याने, दुसऱ्यांदा.

दुपारी मी विभागात गेले. नियम गेला खड्ड्यात. आक्कांचा स्कॅन उघडला. दोन मिनिटं लागली नसतील.

उद्या राग शांत झाल्यावर लिहीन असं म्हणणार होते, पण तो शांत होणार नाही, तेव्हा आजच लिहिते. टक्के आम्ही असे काढतो: धमनी सर्वांत अरुंद जिथे, तिथली रुंदी मोजायची. मग तिच्या पुढे, वरच्या बाजूला, जिथे ती निरोगी असते, तिथली मोजायची. दोन्हींची तुलना करायची. आक्कांची अरुंद जागा शून्य पूर्णांक नऊ मिलिमीटर. पुढची जागा दोन मिलिमीटर. भागाकार केला की पंचावन्न टक्के बंद. गणितात चूक नाही.

पण उजव्या बाजूला तीच पुढची जागा साडेचार मिलिमीटर आहे! डावीकडची निरोगी नाहीच, उपाशी आहे. वाट इतकी बंद की पुढे रक्तच पोचत नाही, म्हणून पुढची धमनी आक्रसून दोऱ्यासारखी झाली आहे. एका उपाशी माणसाशेजारी दुसरा उपाशी माणूस उभा केला आणि म्हटलं, दोघांत फारसा फरक नाही!

अशा वेळी टक्के काढायचेच नसतात. "जवळजवळ बंद" असं शब्दांत लिहायचं असतं. दशांशला हे मी स्वतः शिकवलं आहे. त्याला उद्या मी उभा चिरणार आहे.


९ मार्च, सोमवार

चिरला. पण हवा तसा चिरला गेला नाही.

"दोन्ही बाजू शेजारी लावून पाहिल्यास का?" मी विचारलं.

"पाहिल्या, मॅडम."

"मग दोरा दिसला नाही?"

"दिसला."

मला वाटलं होतं तो "नाही" म्हणेल. नाही म्हणणाऱ्या माणसावर ओरडता येतं.

"दिसला, आणि पंचावन्न लिहिलंस?"

"लिहायला जागा कुठे आहे?" तो म्हणाला. "आकड्याचा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्यूटर रिपोर्ट पुढे जाऊ देत नाही, आणि त्यात अक्षर टाकलं तर लाल होतो. मी 'जवळजवळ बंद' टाकून पाहिलं. लाल झालं. मग मोजलं ते लिहिलं."

"मला फोन करायचास!"

"घरच्यांचा स्कॅन होता, मॅडम. त्याबद्दल तुमच्याशी बोलायचं नाही, असं तुम्हीच त्या सकाळी बजावलं होतं. सर्जनना दोनदा फोन लावला, ते ऑपरेशनमध्ये होते. मग दुसरा पेशंट आला."

"शेऱ्याचा रकाना होता ना खाली! मी तक्ता केला तेव्हा होता. तो कुठल्या गाढवाने काढला?"

दशांशने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला एकदम तहान लागली आणि तो पाणी प्यायला निघून गेला. तरुण माणसांत दम नाही. अशा वेळी वरिष्ठाच्या पाठीशी उभं राहायला हवं. हा नळाशी जाऊन उभा राहिला.

तिथून सर्जनकडे. त्यांनी मला पहिली तीन मिनिटं "पंचावन्न" एवढंच ऐकवलं. बदली रिपोर्ट आणा म्हणाले. मी म्हटलं, बदली रिपोर्ट त्याच तक्त्यात लिहावा लागेल. मग नव्वद लिहा म्हणाले. खोटं लिहू? मी स्कॅनची दोन चित्रं त्यांच्या टेबलावर आपटली आणि शेजारी पट्टी ठेवली. शाळेतली, आक्कांच्याच घरातली. "मोजा."

त्यांनी मोजलं. त्यांचा आवाज खाली आला. "हे मला बुधवारी कुणी का दाखवलं नाही?"

"बुधवारी तुम्ही बघितलं का नाही?"

आम्ही दोघंही भांडण तिथेच ठेवून वॉर्डात गेलो.

सर्जन माणूस तिखट असला तरी खोटा नाही. त्यांनी आक्कांना सरळ सांगितलं. धमनीचा दोरा झाला की ऑपरेशनचा फायदा किती, यावर डॉक्टरांतच भांडणं आहेत, आणि अशा प्रत्येकाचं ते करत नाहीत. पण गोळ्या चालू असताना पुन्हा झटका येऊन गेलाय, आणि दोरा अजून पुरता मिटलेला नाही, म्हणून करावं असं त्यांना वाटतं. धोका? शंभरातल्या चार-पाच जणांना टेबलावरच मोठा झटका येतो.

"आणि नाही केलं तर?"

"कधी येईल सांगता येत नाही. डावी बाजू आहे. उजवा हात जाईल, आणि बोलणं."

आक्कांनी चष्मा काढून पुसला. "हात गेला तर डाव्याने जेवीन. बोलणं गेलं तर मी उरतेच किती? करा."

गुरुवारी ठरलं.


१० मार्च, मंगळवार

आज सकाळी तो रकाना काढणाऱ्याच्या मागावर निघाले. कुणीतरी खुर्चीत बसून, एकही स्कॅन न बघता, कागदावरची एक चौकट पुसली आणि माझ्या घरातल्या माणसाच्या तोंडातले शब्द जायची वेळ आणली. मला त्याचं नाव हवं होतं. संस्कृतात ज्याच्यावर रागवायचं त्याची चतुर्थी विभक्ती होते, ज्याला दान द्यायचं त्याचीही तीच. मी भरभरून द्यायच्या तयारीत होते.

दप्तरखान्यातल्या कारकूनबाईंनी तक्ता समितीची फाइल काढून दिली. वर धूळ नव्हती. "कालच एक डॉक्टर बघून गेले," त्या म्हणाल्या. "ते... आकडे फार बोलतात ते."

ठराव क्रमांक चार: रिपोर्टातील "शेरा" हा रकाना रद्द करावा. कारण: शेऱ्यात वैद्यकापेक्षा वाङ्मय अधिक येते. (हशा.) एकमताने मंजूर.

सूचक: मी.

कंसातला "हशा" इतिवृत्त लिहिणाऱ्याने इमानेइतबारे टिपला आहे. मला ती बैठक आता आठवते. तो हशा चांगलाच आठवतो. त्यावर मी आठवडाभर खूश होते.

गाढव सापडलं.

कारकूनबाईंनी विचारलं, "झेरॉक्स हवी का?" मी "हो" म्हटलं. कशाला, देव जाणे.


११ मार्च, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आक्काला उद्याचं ऑपरेशन होईपर्यंत सांगू नकोस."

"मी लपवू?"

"लपवू नकोस. पुढे ढकल. तिचं रक्तदाब वगैरे काही असतं की नाही? तूच म्हणतेस ना?"

"तू चिडला नाहीस?"

"चिडलोय," तो म्हणाला. "पण आत्ता तिकडे बहीण आहे नि इकडे तू. शुक्रवारी चिडेन." आणि तो खरोखरच उठून आपल्या चपला पुसायला लागला. सव्वीस वर्षांत ह्याने चपला पुसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

वॉर्डात आक्कांना सगळी हकीगत पोचलेली होती, फक्त सूचकाचं नाव सोडून. हॉस्पिटलात भिंतींना कान असतील तर आक्कांच्या कॉटशेजारी त्या भिंतींची बैठक भरते. "रकाना काढणारा कोण होता म्हणे? त्याला वर्गाबाहेर उभं करायला पाहिजे. नकाशात नदीचं नाव लिहायला जागा नाही म्हणून पोरगा नदीच काढत नाही, तसला दिसतोय."

"विश्रांती घ्या, आक्का."

"चिडले की मला बरं वाटतं. त्याची बदली झाली की आहे अजून?"

"आहे," मी म्हटलं आणि उशी सरळ केली. उशी सरळच होती.

दुपारी दशांश माझ्या खोलीत आला. सोमवारी पाणी प्यायला जाण्याचं कारण मला आता ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून दोघांनीही ते काढलं नाही. त्याने गेल्या दोन वर्षांतले चाळीस ते सत्तरमधले रिपोर्ट काढले होते. "पुन्हा बघायला हवेत. सगळे. चित्रं उघडून."

आम्ही संध्याकाळपर्यंत बघितले. एकशे बारा. त्यात आक्कांचा सोडून सात दोरे. सातपैकी तीन रिपोर्ट मी स्वतः लिहिले आहेत. अठ्ठेचाळीस, एकसष्ट, सत्तावन्न. तिघांचेही दोरे मला तेव्हा दिसले असणारच. मी काय केलं असेन? सर्जनला फोन केला असेन. की दुसरा पेशंट आला असेल?

स्वतःवर चिडण्यात एक अडचण आहे. उत्तर द्यायला समोर कुणी नसतं, त्यामुळे ते थांबतच नाही.


१२ मार्च, गुरुवार

संध्याकाळचे सहा.

हे ऑपरेशन माणूस जागा ठेवून करतात. मानेपुरती भूल द्यायची, धमनीला दोन्हीकडून चिमटे लावायचे, उघडायची, आतला थर खरवडून काढायचा, शिवायची. चिमटे लागलेले असतात तोवर त्या बाजूच्या मेंदूला रक्त दुसरीकडून मिळतंय की नाही, हे कळायचा सोपा उपाय म्हणजे माणसाला बोलत ठेवणं. आणि विरुद्ध हातात रबरी खेळणं देतात. दाबलं की वाजतं. वाजलं म्हणजे हात चालतोय.

आक्कांच्या हातात पिवळं बदक होतं.

"अडुसष्टाव्या वर्षी बदक!" त्या म्हणाल्या. "माझे विद्यार्थी बघतील तर शाळा सोडतील."

भूल देणाऱ्या डॉक्टर समजूतदार. त्यांनी मला हिरव्या चादरीच्या तंबूत आक्कांच्या तोंडाशी स्टूल दिलं. "घरचं माणूस असलं की पेशंट मोकळं बोलतात. तुम्ही त्यांना थांबू देऊ नका, बस."

आक्कांना थांबू देऊ नका! सव्वीस वर्षांत असं काम मला कुणी सांगितलं नव्हतं.

पलीकडून सर्जन म्हणाले, "चिमटा लावतोय. वेळ धरा."

"आक्का, आज वार कोणता?" मी विचारलं.

"गुरुवार. माझी परीक्षा तू घेणार? काहीतरी बरं विचार."

"समुद्रसपाटीपासून वर जाऊ तशी हवा थंड का होते?"

"कारण विरळ होते, पसरते. नववीचा प्रश्न आहे. बाई, हे काय ओढतायत माझ्या मानेत? असो. दर एक किलोमीटरला साधारण सहा अंश. तुला माहीत होतं का?"

"नाही."

"वाटलंच." बदक वाजलं. "एक मिनिट," भूलबाई म्हणाल्या. "छान."

"आता मी विचारते," आक्का म्हणाल्या. "तो रकानावाला सापडला का?"

उत्तर द्यायचं नव्हतं. नवऱ्याला तसं कबूल केलं होतं. "पुढचा प्रश्न विचारा" म्हणता आलं असतं, "नंतर सांगते" म्हणता आलं असतं. पण त्यांचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. डोक्यावर टोपी, कानाशी नळ्या, आणि डोळे तेच, वर्गातले. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना बोलतं ठेवणं हे माझं काम होतं. मी खोटं बोलण्याइतकी चलाख राहिले नव्हते.

"मीच काढला, आक्का. अकरा वर्षांपूर्वी. ठराव माझाच होता."

आक्का गप्प झाल्या.

चादरीपलीकडे हत्यारांचा आवाज. मग सर्जन: "बोलतायत ना?"

भूलबाई वाकल्या. "आक्का, बोला. नाव सांगा तुमचं."

काही नाही.

"आक्का, उजवा हात! बदक दाबा!"

बदक गप्प. आक्कांचे डोळे माझ्यावर, उघडे, स्थिर. मला त्यात काही वाचता येईना. मी हजारो मेंदू वाचले आहेत काळ्या-पांढऱ्यात. हे दोन डोळे वाचता येईनात. रविवारचा चेहरा आठवला. शब्द गेले, असं वाटलं. शेवटचं जे ऐकलं ते माझं वाक्य.

"नळी द्या!" सर्जन ओरडले. रक्ताला आडवाट करून द्यायची एक नळी असते, ती. "किती वेळ झाला? डॉक्टर, काय झालं तिकडे?"

"आक्का," मी म्हटलं. "आक्का, मला शिव्या द्या."

आणि बदक वाजलं. एकदा नाही. एखाद्याचा गळा धरावा तसं ते लांबच लांब किंचाळलं.

"हिच्याशी मी बोलणार नाही," आक्का स्पष्ट, खणखणीत, एकेक अक्षर तोडून म्हणाल्या. "भूलबाई, तुम्ही विचारा. तुम्हाला उत्तरं देते. माझं नाव, वार, तारीख, काय हवं ते. हिला बाहेर काढा."

नळी परत ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला. मग सर्जन, अत्यंत थंडपणे: "डॉक्टर, बाहेर."

मी बाहेर आले. दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि आतून आक्कांचा आवाज येत राहिला. मोसमी वारे, भरती-ओहोटी, ज्वालामुखी. ऑपरेशनला पावणेदोन तास लागले. त्यांनी आख्खी नववी संपवली.


१३ मार्च, शुक्रवार

आक्का बऱ्या आहेत. उजवा हात चालतो. वाचा चालते, माझ्याशिवाय सगळ्यांशी.

सर्जनने माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली आहे. टेबलावरच्या पेशंटला तसलं काही सांगायचं? बरोबरच आहे. मी त्याखाली सही केली आणि तक्त्याच्या ठरावाची झेरॉक्स तिलाच जोडून हॉस्पिटलच्या वरिष्ठांकडे पाठवली. वरून दुपारी फोन आला: ही गोष्ट "अंतर्गत पातळीवर समंजसपणे हाताळू", ते सात पेशंट मुळात अन्य कारणांनीही आजारी असू शकतात, आणि घाईने कुणालाही कळवण्याची आवश्यकता नाही.

आता मात्र मला पुन्हा बाहेरच्या माणसावर चिडता आलं. जुनी मैत्रीण भेटावी तसं वाटलं. मी म्हटलं, तुम्ही कळवणार नसाल तर मी कळवीन. ते म्हणाले, अधिकृतपणे नाही. मी म्हटलं, अधिकृतपणे मी अकरा वर्षं काय केलं ते फाइलमध्ये आहे. आता अनधिकृतपणे करून बघते.

नवरा ठरल्याप्रमाणे आज चिडला. सुमारे वीस मिनिटं. मी ऐकलं.


१७ मार्च, मंगळवार

आक्का कालपासून घरी. त्यांनी वर आमच्याकडे राहावं असं नवऱ्याने ठरवलं. जिना चढताना त्या त्याला म्हणाल्या, "तिला सांग, मी फक्त खोलीला हो म्हटलंय."

आज रजा टाकून मी बैठकीच्या खोलीत फोनशी उभी राहिले. समोर सात नावांचा कागद. आक्का खिडकीशी पेपर धरून बसल्या होत्या. मानेवर पट्टी. पान उलटत नव्हत्या.

पहिल्या नंबरवर एक गृहस्थ. त्यांना मी काय सांगतेय ते नीट कळलं नाही, पण उद्या येतो म्हणाले, आणि वर "थँक्यू" म्हणाले. ते थँक्यू घेववेना. दुसरा नंबर लागला नाही.

तिसरा, सत्तावन्न टक्के. माझ्या सहीचा. एका बाईंनी उचलला. मी माझं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. दीड वर्षापूर्वी तुमच्या यजमानांच्या मानेचा स्कॅन मी वाचला होता, त्यात चूक होती, धमनी जवळजवळ बंद होती आणि मी तसं लिहिलं नाही, असं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं. बोलता येत नाही. आम्ही विचारलं तेव्हा तुमचा कागद दाखवून म्हणाले, सत्तावन्नच होतं, नशीब तुमचं." आणि मग त्या ओरडायला लागल्या. शब्द मी इथे लिहीत नाही. ते माझे आहेत, मला दिलेले आहेत. त्या थांबल्या की पाठीमागून एका पुरुषाचा आवाज येई, एकच अक्षर, पुन्हा पुन्हा, काय झालं असं विचारल्यासारखा. मग त्या "काही नाही हो, काही नाही" असं त्याला सांगत आणि परत माझ्यावर येत. बारा-तेरा मिनिटं झाली असतील. मी एकदाही मध्ये बोलले नाही. फोन कानापासून लांब नेला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आता सांगून काय उपयोग?" मी म्हटलं, हे लेखी देते. तक्रार कुठे करायची तेही लिहून देते. त्यांनी फोन ठेवला.

पाठीमागे फरशीवर काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. आक्कांनी, ज्यांना महिनाभर काही ओढू-उचलू नका असं सांगितलंय त्यांनी, जेवणाच्या टेबलाची खुर्ची माझ्यामागे आणून ठेवली होती.

"बस," त्या म्हणाल्या. पाच दिवसांतला पहिला शब्द. "मी अजून चिडलेलीच आहे. पण चार राहिलेत, आणि उभ्याने ऐकणं झेपायचं नाही तुला."

मी बसले. आक्का शेजारी उभ्या राहिल्या, कागदावर बोट ठेवलं आणि चौथ्या माणसाचा नंबर मला एकेक आकडा सावकाश वाचून सांगू लागल्या.